मोठ्या पाइपात एमएएफ सेन्सर बसवला: हवा वाढली की काटा मारला?

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आता अडकलोय म्हणून धागा काढतोय. गाडी सेकंडहँड आल्टिस, १.८ पेट्रोल, मॅन्युअल. दोन महिन्यांपूर्वी हौस म्हणून ओपन कोन फिल्टर (डब्याविना उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) आणि त्याच्यासोबत आलेला जाड अॅल्युमिनियमचा पाइप बसवून घेतला. एअर फिल्टरच्या मूळ डब्याला जो मास एअर फ्लो सेन्सर होता (एमएएफ म्हणतात तो, इंजिनात जाणारी हवा मोजणारा, पाच वायरींचा) तो काढून या नव्या पाइपाच्या भोकात बसवला, स्क्रू बरोबर जुळले, गाडी चालू झाली, आवाज एक नंबर, पहिले चार दिवस मी उगाचच दुसऱ्या गिअरात फिरत होतो.

बसवणारा म्हणाला की सेन्सर मोठ्या पाइपात गेला की हवेचा अडथळा जातो, इंजिन मोकळा श्वास घेतं, ८-१० घोडे कुठे गेले नाहीत. पिकअप वाढल्यासारखा वाटला हे खरं. पण गेल्या आठवड्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरात पाय दाबला तर बॉनेटखालून टकटक टकटक, डब्यात खडे हलवल्यासारखी. पाय काढला की बंद. चेक इंजिन लाइट लागलेली नाही त्यामुळे सगळं ठीक असावं असं एक मन म्हणतं. दुसरं मन झोपू देत नाही. आणखी एक, नेटवर काही जण सेन्सरच्या पुढची जाळी पण कापून टाका म्हणतात, ते करू का?

पिकअपप्रेमी

अभिनंदन! टकटक म्हणजे पेट्रोल भेसळीचं असणार, पंप बदला. जाळी काढाच, मी काढलीय, फरक पडतो.

रांगडा_गडी

काय राव, आठ-दहा घोडं एका पायपात? आमच्याकडं तालमीतल्या पोरान्ला दूध पाजून पन इतकं वाढत न्हाई. फोटो टाका आधी.

लॅम्डाताई

सिंहगडरोडकर, खडे हलवल्याचा आवाज म्हणजे नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण नीट न जळता भलत्या वेळी भडकतं ते), आणि ते पेट्रोलमुळे असेलच असं नाही. जाळीला आत्ता हात लावू नका. आधी एक काम करा, ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवतं ते) कुणाकडून तरी उसनं आणा, मोबाइलवर अॅप टाका आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एवढे आकडे इथे द्या: लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीने शिकून पेट्रोलमध्ये केलेली कमीजास्त, टक्क्यांत) आयडलला, म्हणजे रेस न देता, किती, उभ्या गाडीत ३००० आरपीएमला किती, आणि हायवेला एका वेगात चालताना किती. शिवाय इनटेक एअर टेंपरेचर, ट्रॅफिकमध्ये आणि चालत्या गाडीत. हे मिळालं की बोलू. (माझं पोट इंजिन कॅलिब्रेशनवर चालतं, त्यामुळे आकड्यांशिवाय मला काही सुचत नाही, माफ करा.)

लाइट लागली नाही याचा अर्थ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अजून सांभाळून घेतोय एवढाच.

टीडीआयचा_गुलाम

माझी जुनी १.९ टीडीआय आहे, डिझेल. आमच्यात एमएएफ म्हातारा झाला की गाडी मरगळते, मग जुनी युक्ती म्हणजे सेन्सरचा प्लग काढून एक चक्कर मारायची. प्लग काढल्यावर गाडी जास्त चांगली पळाली तर सेन्सर गेला, कारण प्लग नसला की ईसीयू आपल्या ठरावीक आकड्यांवर चालतो. डिझेलला धूर होऊ नये म्हणून हवा कमी दिसली की ईसीयू डिझेलच कमी सोडतो ना, त्यामुळे खोटं कमी रीडिंग म्हणजे थेट ताकद कमी. पेट्रोलवाल्यांनी ही युक्ती जशीच्या तशी उचलू नये, लाइट पण लागते.

सिंहगडरोडकर

डोंगल मिळालं, ऑफिसातल्या मित्राचं. ताई हे घ्या:

आयडलला लाँग टर्म +१७, ३००० ला +१८, हायवेला ९० च्या वेगाला +१८. शॉर्ट टर्म (तात्पुरता ट्रिम) शून्याच्या आसपास इकडेतिकडे. हवेचं तापमान संध्याकाळी नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये ६१ (बाहेर ३३ होतं), हायवेला ४४.

हे वाईट आहे का? +१७ म्हणजे जास्तच ना, अधिक म्हणजे चांगलं की काय 😅

लॅम्डाताई

आकडे इतके स्वच्छ आलेत की मी एक भविष्य सांगते, तपासून बघा. तुमच्या नव्या पाइपाचा आतला व्यास, जिथे सेन्सर बसतो तिथला, जुन्याच्या साधारण १.०८ ते १.०९ पट निघेल. जुना डबा टाकला नसेल तर व्हर्नियर लावा.

आता का ते सांगते. तुमच्या गाडीतला सेन्सर म्हणजे एक गरम तार. सेन्सरमधलं सर्किट तिला आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त गरम ठेवतो. हवा वाहिली की तार थंड होते, जसं आपण बशीतल्या चहावर फुंकर मारतो, आणि तिला पुन्हा गरम ठेवायला जो करंट लागतो त्यावरून किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. मुद्दा असा की ही तार अख्खी हवा मोजतच नाही, पाइपाच्या मधल्या एका छोट्या खिडकीतून जाणारी तेवढी झुळूक मोजते. बाकीचा हिशोब कारखान्यात त्या एका विशिष्ट व्यासाच्या पाइपासाठी करून ईसीयूत भरलेला असतो. पाइप मोठा केला की तेवढीच हवा जास्त जागेतून सावकाश जाते, तारेला झुळूक कमी लागते, ईसीयूला वाटतं हवाच कमी आली आणि तो पेट्रोल कमी सोडतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की अहो मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवत वाढवत +१८ टक्क्यांवर स्थिरावतो. १.१८ चं वर्गमूळ काढा, १.०८६ येतं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं म्हणून.

म्हणजे किराणा दुकानात तराजूला काटा मारला तर पोत्यातला गहू वाढत नाही, तसं झालंय हे. इंजिनात हवा तेवढीच जातेय. वजनकाटा खोटा झालाय.

आणि नॉकिंग. संथ चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सुधारतो, पण पूर्ण पाय दाबला की ईसीयू त्याचं ऐकणं थांबवतो आणि एमएएफच्या आकड्यावर भिस्त ठेवतो. शिकलेला ट्रिम तिथे किती लागू होतो हे गाडीगाडीवर असतं. धरा लागूच झाला नाही, तर ईसीयूने १२.५ चं मिश्रण (वजनाने एक भाग पेट्रोलला साडेबारा भाग हवा) मागितलं आणि हवा १५ टक्के कमी मोजली गेली तर प्रत्यक्षात मिळतं १४.७. त्यात हवा कमी म्हणजे लोड कमी असं समजून तो इग्निशन टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. मिश्रण लीन, टायमिंग पुढे, घाट, तिसरा गिअर. खडे वाजणारच. तुम्हाला पहिले चार दिवस जो पिकअप वाटला ना, त्यातला बराचसा हा पुढे सरकलेला टायमिंग आणि कोनचा आवाज.

रांगडा_गडी

ताई दंडवत. काटा मारला हे लई भारी.

पिकअपप्रेमी

पण मग परदेशातले सगळे लोक वेडे आहेत का, वर्षानुवर्षं सेन्सर बदलून, जाळी काढून पॉवर घेतातच की. आणि ट्रिम वाढला म्हणजे जास्त पेट्रोल जातंय, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद. सरळ आहे.

अण्णा_फिटर

पिकअपप्रेमी भाऊ, जास्त पेट्रोल जात नाहीये, कमी पडलेलं भरून निघतंय.

पण परदेशातल्या लोकांचं तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, फक्त ते वेगळ्या सेन्सरबद्दल बोलत होते आणि आपण त्यांचा सल्ला आपल्या गाडीला चिकटवला. मी आखातात गॅरेजात होतो तेव्हा बॉशच्या एल जेट्रॉनिकच्या गाड्या येत. सत्तरच्या दशकातली पेट्रोल इंजेक्शनची सिस्टीम. त्यात गरम तार नव्हती, चक्क एक पत्र्याचं झडप होतं स्प्रिंगवर, हवेने ते ढकललं की किती उघडलं त्यावरून माप. आता ते झडप हवेच्या वाटेत दारासारखं उभंच, त्यामुळे तो अडथळा खराच होता. मग लोक झाकण उघडून आतल्या दातेरी चाकाने स्प्रिंग सैल-घट्ट करून मिश्रण बदलायचे, आम्ही पण केलंय, एक दात इकडे एक दात तिकडे. माझ्दाच्या पहिल्या मियाटात १.६ ला असंच झडप होतं, १९९४ ला १.८ आली तेव्हा गरम तारेवर गेले. म्हणजे त्या काळात कुणी म्हणालं की मीटर काढून मोठं लावलं आणि गाडी सुटली, तर तो खोटं बोलत नव्हता. गरम तारेच्या सेन्सरला बघा ना, पाइपात बोटभर काडी उतरलीय फक्त, त्यात काय अडणार.

जाळीचं पण तसंच. ती मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी हवेला सरळ करायला असते. फिल्टरच्या डब्यातून वळण घेऊन आलेली हवा भोवऱ्यासारखी गरगरते, ती तारेवर कधी जास्त कधी कमी लागली की आयडल हलतो. कापलेली जाळी परत लावता येत नाही एवढं लक्षात ठेवा.

नुसतावाचक

वाचतोय, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

टीडीआयचा_गुलाम

अण्णा, ते ऑनलाइन ३००-४०० रुपयांना "परफॉर्मन्स चिप" मिळते, इनटेकच्या सेन्सरच्या वायरीत लावायची, तिचं काय हो?

अण्णा_फिटर

उघडून बघा, आत एक रेझिस्टन्स असतो, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रुपया-दोन रुपयाला. हवेच्या तापमानाचा सेन्सर असा असतो की थंडीत त्याचा रेझिस्टन्स वाढतो. मध्ये रेझिस्टन्स घातला की ईसीयूला वाटतं आपण महाबळेश्वरला आलो, हवा थंड. तो टायमिंग पुढे घेतो. आणि तुम्ही असता मे महिन्यात अकोल्यात. बाकी तुम्ही समजदार आहात.

सिंहगडरोडकर

ताई!! व्हर्नियर लावला. जुना डबा गॅलरीत होता, आई त्यात बटाटे ठेवणार होती, वाचला. नवा व्यास भागिले जुना = १.०८. अक्षरशः अंगावर काटा आला (काटा मारलेला नाही).

आता माझा एक उलटा प्रश्न आहे. मान्य की सेन्सरचा काटा खोटा झाला. पण फिल्टर तर मोकळाच झाला ना? म्हणजे मूळ डब्यापेक्षा कोनमधून हवा जास्त जात असेलच, मग ईसीयू रीमॅप करून (त्यात भरलेला हिशोब बदलून) काटा दुरुस्त केला तर फायदा पदरात पडेल की नाही? पैसे गेलेत हो, इतक्यात हार मानवत नाही.

लॅम्डाताई

रास्त प्रश्न आहे, आणि याचं उत्तर माझ्याकडून घेऊच नका, मोजा. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी असते ना, ती तीन मीटर आणा. फिल्टरच्या पुढे पण थ्रॉटल बॉडीच्या (पाय दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) आधी, पाइपावर छोटं निपल बसवा, नळीचं एक टोक त्याला. दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. पाणी दिसावं म्हणून थोडा रंग. नळी खिडकीतून आत घ्या, बाटली सोबत्याच्या पायापाशी. पूर्ण रेस दिल्यावर नळीत पाणी बाटलीतल्या पातळीपासून किती सेंटीमीटर वर चढतं ते बघायचं. १० सेमी म्हणजे जवळपास १ किलोपास्कलचा अडथळा.

थ्रॉटलच्या आधी असं मुद्दाम का लिहिलं: थ्रॉटलच्या मागे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) आयडलला इतकी ओढ असते की बाटलीतलं पाणी सरळ इंजिनात जाईल. आणि गाडी चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही, सोबतचा माणूस बघेल. रस्ता मोकळा, दुसरा गिअर, वेगमर्यादेच्या आत.

रांगडा_गडी

आता यानं गाडीत पानसळ लावली की शेजारी म्हननार स्लॅब टाकायलाय.

बे_एरियाकर

इकडे कॅलिफोर्नियात असा इनटेक लावायचा तर त्या पार्टला कार्बचा (इथल्या हवा प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे परवानगीचा नंबर, लागतो, बॉनेटखाली स्टिकर दिसला नाही तर स्मॉग चेकला नापास. नंबर असलेले किट बघितले तर त्यात सेन्सर बसतो तिथला भाग मुद्दाम मूळ व्यासासारखा ठेवलेला असतो असं बऱ्याचदा दिसतं, बाहेरून पाइप कितीही जाड दिसो. ज्यांनी हे केलेलं नसतं ते सोबत ट्यून (ईसीयूचा बदललेला हिशोब) विकतात. तिकडे कायद्याचं काय आहे आता?

लॅम्डाताई

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल करायचा नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर कोण बॉनेट उघडून व्यास मोजतो हा भाग वेगळा, पण अपघाताच्या क्लेमला सर्व्हेयर मात्र उघडतो.

सिंहगडरोडकर

केलं. रविवारी पहाटे. सोबत बायको, तिच्या हातात शिवणाचा टेप, पाण्यात मागच्या रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग. टोलवरचा माणूस नळीकडे बघून म्हणाला पेशंट आहे का गाडीत.

तिन्ही वेळा सारखंच केलं, दुसरा गिअर, पूर्ण रेस, ६००० पर्यंत, तीन तीन वेळा आणि सरासरी:

मूळ डबा + त्यात आधीपासून असलेला मळका फिल्टर: ३१ सेमी
मूळ डबा + नवा कागदी फिल्टर: २० सेमी
कोन: ९ सेमी

(मळका फिल्टर झटकला तर त्यातून एक वाळकं पान, दोन गांधीलमाश्या आणि बरीच कात्रजची माती निघाली.)

म्हणजे कोन जिंकला ना? २० वरून ९!

लॅम्डाताई

वहिनींना सलाम, तीन तीन वेळा मोजलं म्हणजे खरंच मोजलं.

हिशोब करू. २० आणि ९ मधला फरक ११ सेमी, म्हणजे साधारण १.१ किलोपास्कल. पुण्याची उंची धरता बाहेरच्या हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे कोनमुळे इंजिनाच्या तोंडाशी हवा १.१ ते १.२ टक्के जास्त. तुमच्या १४० घोड्यांत दीड घोडा, तोही फक्त ६००० ला पूर्ण पाय दाबल्यावर. अर्धा पाय दाबला की थ्रॉटलची झडप स्वतःच फिल्टरच्या कितीतरी पट मोठा अडथळा असते, तिथे फिल्टर कुठलाही असो फरक शून्य.

आता तुमचे तापमानाचे आकडे घ्या. मूळ डबा लावून किती येतं ते बघितलं का?

सिंहगडरोडकर

हो, मूळ डब्यावर त्याच पुलावर त्याच वेळी ४१. हायवेला ३८.

लॅम्डाताई

मग संपलंच की. ट्रॅफिकमध्ये ४१ च्या जागी ६१ अंशांची हवा म्हणजे घनता ६ टक्क्यांनी कमी. हायवेला ४४ विरुद्ध ३८, तिथेही जवळपास २ टक्के गेले. मूळ डबा ग्रिलच्या मागून बाहेरची हवा ओढतो, तुमचा कोन रेडिएटरच्या मागे बसून इंजिनाची गरम हवा पितो. दीड घोडा मिळवायला हायवेला अडीच आणि सिग्नलला आठ घोडे देऊन टाकलेत.

एक गोष्ट तुमच्या आकड्यांत मला जास्त आवडली. मळक्यावरून नव्या कागदी फिल्टरवर आलात तेव्हाही ११ सेमीच कमी झाले. कोनने दिलं तेवढंच.

पिकअपप्रेमी

हीट शील्ड लावायची ना मग. कोनला दोष नाही, फिटिंगला आहे. आणि खाली बंपरच्या आत नेला फिल्टर तर एकदम थंड हवा.

अण्णा_फिटर

बंपरच्या आत नेलेले फिल्टर मी मुंबईच्या पावसात बघितलेत. गुडघाभर पाण्यात गाडी घातली की फिल्टर पाणी ओढतो, पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलायचा खर्च विचारू नका.

आणि कापडी कोन धुऊन तेल लावताना हात सढळ ठेवला तर ते तेल उडून गरम तारेवर बसतं, त्यावर धूळ, मग तार पांघरूण घेतल्यासारखी. सिंहगडरोडकर, तुम्ही मूळ डब्यावर परत येताय तर एकदा सेन्सर साफ करा. एमएएफ क्लीनरचा स्प्रे मिळतो तोच वापरा, कार्बोरेटर क्लीनर नको, कान कोरायचा कापूस तर अजिबात नको, ती तार केसाहून नाजूक असते. पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका.

नुसतावाचक

एक शंका, माझ्या गाडीत पण ट्रिम आयडलला +२० दिसतो पण ३००० ला +३ च. मी तर काहीच बदललेलं नाही. माझा पण सेन्सर गेला का?

लॅम्डाताई

नाही, तुमची गोष्ट वेगळी. पाइपाचा व्यास बदलला तर चूक सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी येते, धागाकर्त्याची १७-१८-१८ आली तशी. तुमच्याकडे सेन्सर आणि इंजिनाच्या मध्ये कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय, फाटका होज, सैल क्लॅम्प, मॅनिफोल्डची गॅस्केट. आयडलला एकूण हवाच २-३ ग्रॅम प्रति सेकंद असते, त्यात अर्धा ग्रॅम चोरून आला की वीस टक्के. रेस वाढवली की तोच अर्धा ग्रॅम समुद्रात लोटा. थ्रॉटलकडे जाणाऱ्या रबरी होजच्या घड्या उलगडून टॉर्च मारून बघा, बहुतेक तिथेच भेग असेल. आणि रेस वाढवताना ट्रिम उलट वाढत गेला असता तर सेन्सर मळलाय किंवा पेट्रोल पंप दमलाय, असं मी म्हटलं असतं.

नुसतावाचक

होजला नख जाईल एवढी भेग सापडली, दुसऱ्याच घडीत. मास्तर ताई 🙏

सिंहगडरोडकर

शेवटचा अपडेट. मूळ डबा, नवा कागदी फिल्टर, सेन्सर साफ करून परत आपल्या जागी. ईसीयूचा शिकलेला ट्रिम पुसला, ३०० किलोमीटर चालवली. लाँग टर्म आता +२ च्या पुढे जात नाही. परवा मुद्दाम खंबाटकीत तिसऱ्या गिअरात पाय दाबला, खिडकी उघडी ठेवून, नुसता इंजिनाचा आवाज. थोडा मिळमिळीत आहे हो आवाज, खोटं कशाला बोलू.

बसवून देणाऱ्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, साहेब इतकं मोजायला लागलात तर धंदा कसा करायचा.

निपलचं भोक रबरी बुश लावून बंद केलंय. कोन फिल्टर आणि पाइप विकणे आहे, दोन महिने वापरलेला, पुण्यात येऊन घेऊन जावा.

रांगडा_गडी

पायपाचा भाव बोला. परसात बंब हाय, त्याच्या धुराड्याला बसतंय का बघतो.

पिकअपप्रेमी

सिंहगडरोडकर व्यनि (खासगी निरोप) बघा.